उन्हाळ्यातील ट्रॅक्टर आणि त्याचे पाणी

होळी आटोपली की नागपूर जिल्ह्यात ट्रॅक्टरला उसंत राहत नाही. गहू व हरभऱ्याची मळणी, पऱ्हाट्यांचे तुकडे करणे, त्यानंतर उन्हाळवाही आणि मधूनमधून कळमन्याच्या बाजाराच्या खेपा, ही सारी कामे वर्षातील सर्वांत तापलेल्या महिन्यांत येतात. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. तो दिवस विरळा खरा. परंतु ४५ अंशांचा दिवस नवतपात येथे कोणासही नवा नाही. याच दिवसांत आमच्याकडे एक तक्रार दरवर्षी येते. ट्रॅक्टर तापतो, पाणी उकळते, काम बंद पडते. तक्रारीसोबत कारणही तयार असते: “साहेब, ऊनच तसे आहे.”

हे कारण अर्धे खरे आहे. एकाच शिवारात, त्याच उन्हात, त्याच बनावटीचा शेजाऱ्याचा ट्रॅक्टर दिवसभर नांगर ओढतो आणि त्याच्या तापमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यातून हलत नाही, हेही शेतकरी बंधूंनी पाहिलेले असते. तेव्हा ऊन दोष निर्माण करीत नाही. असलेला दोष उघडा पाडते, असे म्हणणे अधिक युक्त होईल.

डिझेल जळून जी उष्णता उत्पन्न होते, तिचा ढोबळ मानाने एक तृतीयांश भाग प्रत्यक्ष कामास येतो. तेवढाच भाग धुराबरोबर बाहेर जातो. उरलेल्या उष्णतेचा बहुतेक भाग इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्याला वाहून न्यावा लागतो. हे पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून खाली उतरते, पंखा त्यावरून हवा ओढतो आणि पाण्यातील उष्णता हवेत जाते. ती किती जाईल, हे पाणी व हवा यांच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. पाणी ९० अंश व हवा २५ अंश असेल, तर हा फरक ६५ अंशांचा असतो. हवा ४५ अंशांची झाली की तोच फरक ४५ अंशांवर येतो, म्हणजे रेडिएटरची शक्ती सुमारे तीस टक्क्यांनी घटते. पौष महिन्यात पाव भाग तुंबलेला रेडिएटरही निभावून नेतो. वैशाखात तो निभावू शकत नाही. तुंबलेला मात्र तो पौषातही होताच.

विहिरीचे पाणी

रेडिएटर आतून तुंबतो तो बहुतांशी आपण स्वहस्ते ओतलेल्या पाण्याने. काटोल, नरखेड, कळमेश्वर या भागांतील संत्रा बागायतदारांना ही गोष्ट निराळी समजावून सांगण्याची गरज नसावी. ठिबकच्या तोट्या क्षारांनी बंद होतात व त्यासाठी आम्लप्रक्रिया करावी लागते, हा त्यांचा नित्याचा अनुभव आहे. जे पाणी साध्या उन्हात तोटी बंद करते, तेच पाणी ९० अंशांपर्यंत तापविले असता काय करील याचा विचार व्हावा. पाणी तापवण्याच्या भांड्याच्या बुडाशी जो पांढरा थर साचतो, तोच इंजिनाच्या भिंतींवर व रेडिएटरच्या नळ्यांत साचतो. लोखंडाच्या मानाने या थरातून उष्णता फारच मंद गतीने जाते. परिणामी टाकीतील पाणी बेताचेच गरम असताना इंजिनाच्या आतील धातू मर्यादेपलीकडे तापलेला असू शकतो.

दररोज सकाळी रेडिएटरमध्ये तांब्याभर पाणी टाकण्याची सवय पुष्कळ ठिकाणी आढळते व ती दक्षतेचे लक्षण समजली जाते. वास्तविक ते रोगाचे लक्षण होय. आजच्या ट्रॅक्टरची शीतकरण व्यवस्था बंदिस्त असते. तिला रोज पाणी लागू नये. लागत असेल तर ते कोठून तरी गळत आहे किंवा उडून जात आहे. उडून जाणारे पाणी क्षार मागे ठेवून जाते, आणि नव्या तांब्याबरोबर नवे क्षार येतात. अशा वेळी रबरी नळ्यांचे सांधे, वॉटर पंपाच्या खालचे छिद्र आणि रेडिएटरच्या झाकणातील रबर ही ठिकाणे आधी पाहावीत.

रेडिएटरमध्ये भरावयाचा द्रव म्हणजे कूलंट. ज्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत अन्य प्रमाण दिलेले नाही, त्यासाठी कूलंटचा अर्क व बॅटरीत घालतात तसले क्षारविरहित पाणी निम्मे-निम्मे घ्यावे. बाजारात तयार मिसळलेले कूलंटही मिळते, त्यात पुन्हा पाणी घालू नये. “कूलंट बर्फाच्या मुलुखातील लोकांसाठी, आपल्याला काय करायचे?” हा प्रश्न मला अनेक सभांत विचारला गेला आहे. गोठण्यापासून रक्षण हा त्याचा एक गुण झाला. आपल्या उपयोगाचे गुण दोन: ते साध्या पाण्यापेक्षा अधिक तापमानाला उकळते आणि त्यातील द्रव्यांमुळे आतील लोखंड गंजत नाही. गंजरोधक द्रव्ये कालांतराने संपतात. म्हणून पुस्तिकेतील मुदतीस, बहुधा दोन वर्षांच्या आसपास, ते बदलावे. निरनिराळ्या जातींचे कूलंट एकत्र करू नये. हा द्रव विषारी असून चवीला गोड असतो. काढलेले जुने कूलंट गोठ्याजवळ किंवा कुत्र्यांच्या तोंडी लागेल असे उघडे ठेवू नये, आणि पाण्याच्या बाटलीत तर कदापि भरू नये.

आतील थर काढण्यासाठी धुण्याचा सोडा वापरण्याची रीत जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरच्या काळातील आहे. हल्ली पुष्कळ रेडिएटर ॲल्युमिनियमचे असतात व सोडा त्यांना खातो. ठिबकसाठी आणलेले आम्ल त्यात ओतणे हे त्याहून वाईट. त्या धातूस चालेल असे तयार औषध घ्यावे अथवा कारागिराकडे द्यावे.

बाहेरचे कुटार

बाहेरून रेडिएटर तुंबतो तो कुटार, गव्हांडा, धूळ आणि कापसाच्या वाहतुकीत उडणाऱ्या तंतूंनी. मळणीच्या दिवसांत तर दोन-तीन तासांत जाळी भरून येते. अशा कामात दर विश्रांतीला इंजिन बंद करून जाळी काढून झटकावी. संध्याकाळी इंजिन पूर्ण थंड झाल्यावर पंख्याच्या बाजूने पुढच्या दिशेस, म्हणजे कचरा ज्या वाटेने आला त्याच वाटेने परत जाईल असा, हवेचा किंवा पाण्याचा साधा झोत मारावा. गाडी धुण्याच्या यंत्राचा जोरदार झोत जवळून मारल्यास पातळ पत्रे वाकून बसतात आणि मग हवा कायमचीच अडते. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबला असता साधारण अर्धा इंच दबावा. त्याहून ढिला पट्टा घसरतो. पंखा फिरताना दिसतो, पण पुरेसा फिरत नाही.

थर्मोस्टॅटविषयी एक गैरसमज रूढ आहे. ट्रॅक्टर तापू लागला की काही कारागीर तो काढूनच टाकतात. त्यामुळे इंजिन थंडच चालत राहते, डिझेल अधिक जाते आणि सिलिंडर लवकर झिजतात. थर्मोस्टॅट बिघडला आहे किंवा नाही हे ओळखणे सोपे आहे. तो दोरीला बांधून पाण्याच्या पातेल्यात लोंबता सोडावा व पाणी तापवावे. त्यावर कोरलेल्या अंशांच्या सुमारास, बहुधा ८० अंशांच्या आसपास, तो उघडू लागला तर चांगला. पाणी उकळू लागले तरी मिटलेलाच राहिला तर नवा बसवावा. हे प्रात्यक्षिक गावच्या सभेत करण्याजोगे आहे. लोक ते व्याख्यानापेक्षा अधिक लक्षपूर्वक पाहतात, असा माझा अनुभव आहे.

झाकण

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख मुख्यतः लिहिला, तिच्याकडे वळू. काही वर्षांपूर्वी मार्च महिन्यात गारपिटीच्या पाहणीसाठी एका गावी गेलो असता एका घराच्या ओसरीवर वीस-बावीस वर्षांचा एक मुलगा मानेला व गालाला पट्ट्या बांधून बसलेला दिसला. तो भाड्याच्या ट्रॅक्टरवरील चालक. दोन दिवसांपूर्वी आकाश भरून आले होते, खळ्यावर गहू उघडा होता आणि मळणी चालू असताना इंजिन तापले. मालक, मजूर, सारेच घाई करीत होते. त्याने बारदानाचा तुकडा घेऊन रेडिएटरचे झाकण फिरविले. तोंड बाजूला होते म्हणून डोळे वाचले. गहू पावसात भिजलाच.

असे का घडते, हे समजून घेतले पाहिजे. मोकळ्या भांड्यातील पाणी नागपुरात सुमारे ९९ अंशांस उकळते. रेडिएटरचे झाकण स्प्रिंगच्या जोराने आतील दाब धरून ठेवते. त्या दाबाखाली पाणी झाकणाच्या प्रकारानुसार ११५ ते १२० अंशांपर्यंत न उकळता राहू शकते. वरून पाहता ते शांत असते. झाकण सुटताच दाब जातो, त्या पाण्याच्या काही भागाची क्षणार्धात वाफ होते, आणि वाफ पाण्याच्या सोळाशे पटींहून अधिक जागा मागते. उरलेले उकळते पाणी तिच्याबरोबर बाहेर फेकले जाते. बारदान याला अडवू शकत नाही.

म्हणून काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागताच प्रथम ओझे कमी करावे: नांगर उचलावा, मळणी यंत्र चालू असल्यास पी.टी.ओ. सोडवावा, गिअर मोकळा करावा. पाणी शिल्लक असून पंखा फिरत असेल तर इंजिन दोन-चार मिनिटे मंद चालू ठेवावे. पाणी फिरत राहिल्याने आतील उष्णता निघून जाते. परंतु वाफेचा लोट निघत असेल, नळी फुटली असेल, पट्टा तुटला असेल किंवा तेलाच्या दाबाचा दिवा लागला असेल, तर इंजिन तत्काळ बंद करावे. त्यानंतर किमान अर्धा-पाऊण तास झाकणास हात लावू नये. वरच्या नळीवर हात सहज टेकवता आला म्हणजेच पुढे जावे. जाड ओले कापड झाकणावर घालावे, तोंड व छाती बाजूला ठेवावी आणि झाकण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवून थांबावे. फुसकारा पूर्ण थांबल्यावर मग ते काढावे. तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतू नये, वरूनही शिंपडू नये. हेड किंवा ब्लॉक तडकतो. इंजिन निवल्यावर ते मंद चालू करून पाणी थोडे थोडे घालावे. निकडीच्या वेळी मिळेल ते स्वच्छ पाणी चालेल, मात्र नंतर ते काढून कूलंट भरावे.

जीप व मोटार यांनाही हाच नियम लागू आहे. वातानुकूलन बंद करून गाडी कडेला घ्यावी. थांबेपर्यंत आतील हीटर पूर्ण चालू केल्यास इंजिनाची काही उष्णता त्या वाटेने निघते. मोटारीतील विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद असतानाही आपोआप सुरू होऊ शकतो, म्हणून बोटे दूर ठेवावीत. दुय्यम टाकीचे झाकणही बहुधा दाबाखालीच असते.

तापमापकावर सर्वस्वी विसंबू नये. ३० मे २०२४ रोजी नागपुरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखविले आणि देशभर खळबळ उडाली. तपासणीअंती तो उपकरणाचा दोष ठरला. ट्रॅक्टरचा मापक याच्या उलट फसवतो. पाणी इतके खाली गेले की त्याचा संवेदक कोरडा पडतो, आणि इंजिन जळत असताना काटा थंड दाखवितो. गोडसर वास, ओढ कमी होणे, सायलेन्सरमधून सतत पांढरी वाफ, ही चिन्हे काट्याहून खरी मानावीत. रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील अथवा तेल दुधाळ झाले असेल, तर हेड गॅस्केट गेलेले आहे. अशा स्थितीत इंजिन सुरू न करता ट्रॅक्टर ओढून न्यावा.

कोणी भाजलेच, तर त्या भागावर वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याची धार धरावी. अंगठी, कडे, घट्ट कपडे सूज येण्यापूर्वी उतरवावेत. कातडीला चिकटलेले कापड ओढू नये. हळद, तूप, शाई, दंतमंजन काहीही लावू नये. चेहरा, डोळे किंवा हात भाजले असतील तर १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णालयात न्यावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना एक सूचना करावीशी वाटते. या विषयावरील सभेला ट्रॅक्टरमालक येतात, परंतु झाकण उघडणारा हात बहुतेक वेळा चालकाचा असतो. तेव्हा सभा मळणीपूर्वी, संध्याकाळी, थंड ट्रॅक्टरजवळ घ्यावी, चालकांना आवर्जून बोलवावे, आणि प्रत्येकाकडून ते झाकण पहिल्या खाचेपर्यंत एकदा फिरवून घ्यावे. अर्धा तास थांबण्याची मुभा चालकाला आहे, हे मालकाने त्याच बैठकीत सर्वांसमक्ष सांगावे.