भुलीच्या औषधाचा नवा गुण

घरांतील एखादें माणूस महिनोन्‌महिने खिन्न राहिलें, तर ‘मनावर घेऊं नये’ एवढ्या उपदेशावर आपण त्याची बोळवण करितों. हा दुबळेपणा नसून आजार आहे. आणि नेहमींच्या औषधांस गुण दाखवावयास कित्येक आठवडे लागतात. जीव देण्याचे विचार ज्याच्या मनांत घोळत आहेत, त्यानें तोंवर कसें निभवावें?

म्हणून केटामीनची हकीकत आम्हांस वाचकांपुढें ठेवावीशी वाटते. १९६२ सालीं अमेरिकेंत तयार झालेलें हें औषध मूळचें भुलीचें. २००० सालीं येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनीं जेमतेम सात-आठ रोग्यांस, वजनाच्या दर किलोस अर्धा मिलिग्रॅम या प्रमाणांत, तें ४० मिनिटें शिरेंतून दिलें. तों कांहीं तासांतच मनावरचें मळभ विरळ होऊं लागलें! जुनाट वेदनांवरही तें कित्येक ठिकाणीं देतात. परंतु गुण बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतो. रक्तदाब चढतो, भास होतात, आणि व्यसन जडल्यास मूत्राशयाची हानि होते. डॉक्टरांच्या देखरेखीवांचून तें घेणें आम्हांस मुळींच पसंत नाहीं.

त्याचेंच भावंड एस्केटामीन २०१९ सालीं अमेरिकेंत नाकांतील फवाऱ्याच्या रूपानें मान्य झालें. तेंही दवाखान्यांतच घ्यावें लागतें. नंतर रोग्यास दोन तास बसवून ठेवितात, आणि त्या दिवशीं गाडी हांकण्याची मनाई असल्यामुळें त्याला घरीं आणावयास कोणीतरी जावें लागतें.