स्प्रिंग कापून गाडी ‘लो’ करायची? दोन हजारांच्या कामाचा खरा हिशोब

पुणे-नगर रोडला गॅरेज टाकायचं म्हणणाऱ्या बऱ्याच मुलांच्या यादीत हल्ली ‘मॉडिफिकेशन’ असतंच. त्यात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त मागणी असलेलं काम म्हणजे गाडी लो करणे. एमआयडीसीत नोकरी लागलेला पोरगा सेकंडहँड हॅचबॅक घेतो आणि म्हणतो, “दादा, दोन हजारात बसवून द्या खाली.” दोन हजारात एकच गोष्ट होते, ती म्हणजे आहे तीच स्प्रिंग कापायची. हे काम घ्यायचं का, हे आज पैशात आणि मिलिमीटरमध्ये बघू.

समजा पुढच्या एका स्प्रिंगला ६ वेढे आहेत, मोकळी लांबी ३६० मिमी आणि ती १ मिमी दाबायला २ किलो वजन लागतं. त्या कोपऱ्यावर गाडीचं वजन ३०० किलो. म्हणजे स्प्रिंग १५० मिमी दबणार आणि २१० वर उभी राहणार. आता एक वेढा कापला. लांबी झाली ३००. पण वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते, ६ चे ५ झाले म्हणजे २० टक्के कडक. आता १ मिमीला २.४ किलो लागतात, स्प्रिंग १२५ मिमी दबते आणि १७५ वर थांबते. गाडी ३५ मिमी खाली आली. गिऱ्हाईक खूश!

खड्ड्यात दबायला आधी समजा ८० मिमी जागा होती, ती उरली ४५. स्प्रिंग कडक झाली २० टक्के, जागा मात्र जवळजवळ ४४ टक्क्यांनी गेली. त्यामुळे शॉकअप दर खड्ड्याला बंप स्टॉपवर आपटतो, आणि तो शॉकअप मूळच्या नरम स्प्रिंगसाठी बनवलेला असतो. गाडी उड्या मारते ती यामुळे.

दुसरी अडचण जॅक लावला की दिसते. चाक पूर्ण लटकल्यावर स्ट्रटमध्ये समजा ३१० मिमी जागा आहे. आपली स्प्रिंग आता ३०० ची. दहा मिमी सैल! स्पीडब्रेकरवरून गाडी उडाली की स्प्रिंग सीटमधून सरकते आणि ‘टक’ आवाज येतो. वळणावर सरकली तर नुसत्या आवाजावर भागत नाही. ज्या स्प्रिंगचं टोक आत वळवलेलं असतं ती कापली तर सीटवर नीट बसतच नाही.

काही ठिकाणी तर ग्राइंडरही वापरत नाहीत, गॅसकटरने स्प्रिंग तापवून गाडी जागेवर बसवतात. हे अजिबात करू नका. स्प्रिंगच्या स्टीलला कारखान्यात दिलेलं पाणी त्या उष्णतेत उतरतं. पुढे स्प्रिंग बसत जाते किंवा तुटते.

आता गल्ला. समजा गिऱ्हाइकाकडून २,००० घेतले. मिस्त्रीचा अर्धा दिवस ४००, दुकानाचा खर्च ३००, डिस्क वगैरे १००, अलाइनमेंट ५००. उरले ७००. (अलाइनमेंट टाळता येत नाही, गाडी खाली आली की चाकाचा कोन बदलतो आणि टायर आतून खातो.) अशी तीन कामं केली, २,१०० सुटले. त्यातली एक गाडी आवाज घेऊन परत आली तर पुन्हा मजुरी ४००, खर्च ३००, अलाइनमेंट ५०० आणि जुन्या बाजारातली स्प्रिंगची जोडी १,५०० धरा. गेले २,७००. तीन कामं करून खिशातून ६०० दिले.

कायदाही बघा. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनला सोडून गाडीत बदल करता येत नाही. त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यातलं १८२अ कलम बदललं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. गिऱ्हाईक पकडला गेला की नाव कुणाचं सांगणार? तयार लोअरिंग स्प्रिंगचा सेट तांत्रिकदृष्ट्या कितीतरी बरा, लांबी आणि कडकपणा जुळवून बनवलेला असतो. पण परवानगीचा आणि इन्शुरन्सचा प्रश्न तिथेही राहतोच. आरटीओ आणि विमा कंपनीचं लेखी उत्तर आल्याशिवाय ऑर्डर घेऊ नका.

गंमत बघा, इथून जवळच रांजणगावला फियाटच्या कारखान्यात पुंटो बनायची. आपल्या रस्त्यांसाठी कंपनीने तिचा ग्राउंड क्लिअरन्स उलट वाढवला होता! नियमाप्रमाणे बांधलेला स्पीडब्रेकरसुद्धा १० सेंटिमीटर उंच असतो, आणि गावातले किती नियमाने बांधलेत हे तुम्हाला माहीतच आहे.

माझं मत सरळ आहे, रस्त्यावर चालणाऱ्या गाडीची स्प्रिंग कापायचं काम बोर्डावर लिहू नका. त्याच हत्यारांत, त्याच मिस्त्रीत बसलेल्या स्प्रिंग बदलणं, शॉकअप, माउंटिंग आणि अलाइनमेंट होतं. सणसवाडी-शिक्रापूर पट्ट्यात रोज खड्ड्यातून ये-जा करणाऱ्या गाड्यांना हे लागतंच. सुरुवातीला स्प्रिंग कॉम्प्रेसर मात्र चांगल्या प्रतीचा घ्या. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात जातो, तिथे पैसे वाचवू नका.