बीज, माती आणि सुपारी

मेढा येथील शाखेत असताना दुपारच्या जेवणानंतर आमच्या मेजावर सुपारीची डबी फिरत असे. बाजारपेठेत कोणत्याही दुकानी गेलो तरी आधी सुपारीच पुढे येई. तंबाखू नाही म्हणजे अपाय नाही, अशी सर्वांची समजूत होती. पुढे त्याच मेजावरील एका सहकाऱ्याचे तोंड पुरते उघडेना आणि तपासणीत गालाच्या आत कर्करोगाची गाठ आढळली.

गाठ म्हणजे फक्त बिघडलेल्या पेशी, असे मी मानत होतो. ते अपुरे आहे. अवयवांना आधार देणाऱ्या संयोजी ऊतकात फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी असतात. जखम झाली की त्या कोलॅजनचे धागे विणतात आणि काम संपताच शांत होतात. कर्कपेशी रासायनिक संदेश पाठवून त्यांना सतत कामाला जुंपतात. मग याच पेशी गाठीला वाढीची द्रव्ये पुरवतात, नव्या रक्तवाहिन्या येण्यास साह्य करतात आणि दाट जाळे विणून प्रतिकारक पेशींची व औषधांची वाट अडवतात. व्यापाराच्या भाषेत सांगायचे तर, बुडवा ग्राहक एकटा फोफावत नाही. त्यास उधारीवर माल देणारा कोणीतरी असतो.

१८८९ साली लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी कर्करोगाच्या प्रसारास बीज आणि मातीची उपमा दिली होती. भातशेती करणाऱ्या आपल्या जावळीत ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. मात्र या पेशी सरसकट वैरी नव्हेत. २०१४ साली स्वादुपिंडाचा कर्करोग असलेल्या उंदरांत त्या घटवल्या, तेव्हा रोग उलट बळावला.

सुपारी बीजाआधीच माती बिघडवते. तिच्यातील अरेकोलिन फायब्रोब्लास्टना चेतवते. कोलॅजन साठत जाते आणि गाल आतून ताठर होतो. १९५३ साली डॉ. जोशी यांनी भारतात या विकाराचे वर्णन केले. काही रुग्णांत पुढे त्याच जागी कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये तंबाखूविरहित सुपारीही कर्करोगकारक ठरवली. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. घरातील डबीवर बंदी आपणच घालावयाची आहे.

तिखट लागताच आग होणे, गाल पांढुरके पडणे, तोंडात तीन बोटे उभी न मावणे, ही लक्षणे दिसताच दंतवैद्यास दाखवावे. ताठरलेला गाल क्वचितच पूर्ववत होतो. पण सुपारी सोडल्यास पुढील हानी रोखता येते. आमच्या घरी आता पाहुण्यांपुढे बडीशेप ठेवतो.