‘मह्’ धातूचे कुल : म्हसवड, मास्तर आणि मेजर

सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात माणगंगेच्या काठी वसलेले म्हसवड सिद्धनाथाच्या रथयात्रेमुळे सर्वपरिचित आहे. त्याच्या नावातील पूर्वपदाचा संबंध ‘म्हैस’ या शब्दाशी जोडण्यास ध्वनिदृष्ट्या बाध येत नाही. संस्कृत ‘महिषी’, प्राकृत ‘महिसी’, मराठी ‘म्हैस’ ही परंपरा सरळ आहे. आणि ‘म्हशीला’, ‘म्हसरू’ या रूपांत ऐकाराचा जसा अकार होतो, तसाच तो ‘म्हसोबा’ व ‘म्हसवड’ यांतही झालेला दिसतो. उत्तरपद ‘वट’पासून आलेले ‘वड’ मानणे सोपे. ‘वाट’ म्हणजे कुंपण घातलेली जागा हा अर्थ गुराढोरांच्या प्रदेशास अधिक साजेल खरा; परंतु मग आकार ऱ्हस्व का झाला, हे सांगावे लागते.

‘महिष’ शब्दाची पूर्वपीठिका याहून उद्बोधक आहे. ऋग्वेदात हे मूलतः विशेषण असून त्याचा अर्थ ‘बलाढ्य, थोर’ असा होतो. पशुवाचक शब्दासोबत येता येता ते त्या पशूचेच नाव झाले. दुसरीकडे ‘महिषी’ हे पट्टराणीचे अभिधान ठरले. एकच शब्द राजवाड्यात आणि गोठ्यात नांदला. मराठीत मात्र गोठाच तेवढा उरला.

याच मुळापासून लॅटिन ‘माग्नुस’ म्हणजे मोठा आणि ‘मायोर’ म्हणजे अधिक मोठा हे शब्द झाले. इंग्रजीतील ‘मेजर’ आणि ‘मेयर’ दोन्ही ‘मायोर’चेच वंशज, पहिला लॅटिनवरून, दुसरा फ्रेंचमार्गे आला. ‘मागिस’ म्हणजे अधिक, यावरून ‘मागिस्तेर’, त्यावरून ‘मास्टर’ आणि शेवटी आपला ‘मास्तर’. (‘मिनिस्टर’ याच्या उलट, ‘उणे’ या अर्थाच्या शब्दापासून निघालेला असून त्याचा मूळ अर्थ सेवक असा आहे!) संस्कृतात ‘महत्तर’ हाही तरवाचक शब्द. प्राचीन ताम्रपटांत तो ग्रामप्रमुखांना उद्देशून येतो आणि त्याचेच मराठी रूप ‘म्हातारा’. ‘मेयर’ आणि ‘म्हातारा’ यांचे प्रत्यय भिन्न असले तरी अर्थघटना एकच. एकाने अधिकार राखला. दुसऱ्याकडे केवळ वय राहिले.

येथे एक अडचण उद्भवते. संस्कृत ‘ह’शी ग्रीकमध्ये सामान्यतः ‘ख’ जुळतो. ‘हंस’ आणि ग्रीक ‘खेन’ हे त्याचे उदाहरण. मग ‘महा’ आणि ‘मेगास’ यांत ‘ग’ कसा? मूळ भाषेत या ‘ग’नंतर एक कंठ्य ध्वनी होता व त्याच्या सान्निध्याने संस्कृतात महाप्राणत्व आले, असे उत्तर आज सर्वसाधारणपणे मान्य आहे. अशा लुप्त ध्वनींचे अनुमान सोस्यूर यांनी 1879 मध्ये केवळ तर्काने केले. 1927 मध्ये कुरिलोविच यांनी हित्ती भाषेत त्यांचे प्रत्यक्ष अवशेष दाखविले. जर्मानिक शाखेत ‘ग’चा ‘क’ झाला. त्या शाखेतील जुन्या इंग्रजी रूपापासून आजचा ‘मच’ निघाला.

‘मच’शी अर्थाने व उच्चाराने इतका जवळचा स्पॅनिश ‘मुचो’ मात्र या कुलातील नव्हे. तो लॅटिन ‘मुल्तुस’पासून आला. तद्वतच अरबीतून आलेला ‘महाल’ हा ‘महा’च्या पंक्तीस बसविता येत नाही, ‘महाग’ मात्र बसतो, कारण तो ‘महार्घ’ आहे.