हृदयाची लय

उजव्या हाताची तीन बोटे डाव्या मनगटावर अंगठ्याच्या बाजूला हलकेच ठेवा. बोटांखाली ठोके जाणवतील. हीच नाडी. उर्दूत आपण तिला नब्ज म्हणतो. शांत बसलेल्या मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा पडते.

हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात पेशींचा एक लहान पुंजका असतो. त्यातून विजेचे सूक्ष्म संदेश निघतात आणि हृदय लयीत चालते. या कामात बिघाड झाला की ठोके फार जलद, फार मंद किंवा अनियमित पडतात.

हा विकार बाहेरून दिसत नाही. रुग्णाच्या छातीत धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते; कधी तो बेशुद्ध पडतो. थोड्या वेळाने पुन्हा बरा दिसतो. दवाखान्यात पोहोचेपर्यंत नाडीही कधीकधी ठीक झालेली असते. मग घरचे म्हणतात, "उगाच घाबरतोस!" शेतात भोवळ आली तर ऊन लागले असे समजतात. कोणी गंडेदोरे बांधतात. आपले कोणी खरे मानत नाही, याचे दुःख रुग्णाला आजाराइतकेच सलते.

स्वीडनमधील आर्ने लार्सन हे असेच एक रुग्ण. ते दिवसातून अनेकदा बेशुद्ध पडत. त्यांच्या पत्नीने डॉक्टरांचा पिच्छा सोडला नाही. अखेर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी त्यांच्या शरीरात पेसमेकर बसवण्यात आला. मंद हृदयाला विजेचा संदेश देणारे हे यंत्र शरीरात बसवलेले ते जगातील पहिलेच रुग्ण. ते यंत्र काही तासांतच बंद पडले. पण प्रयत्न थांबले नाहीत. पुढे त्यांना वीसहून अधिक पेसमेकर लागले. ते २००१ साली, ८६ व्या वर्षी वारले. यंत्र बनवणारे एल्मक्विस्ट आणि शस्त्रक्रिया करणारे सेनिंग यांच्या निधनानंतरही ते हयात होते!

आता तपासणीसाठी परदेशी जावे लागत नाही. यवतमाळला १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. ई.सी.जी. काढला की ठोक्यांची नोंद कागदावर उमटते. काहींना औषध पुरते, काहींना पेसमेकर लागतो. पेसमेकर असलेल्याने मोबाइल छातीजवळच्या खिशात ठेवू नये.

घरात कोणाला असा त्रास होत असेल, तर त्याला हसू नका. धडधड केव्हा सुरू झाली, किती वेळ टिकली, नाडी किती होती, हे वहीत लिहा. ती वही डॉक्टरांना दाखवा. कोणी बेशुद्ध पडला, तर मात्र वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.