स्वमग्न मूल आणि बोलकी पाटी

स्वमग्न मुलासाठी वर्गात टॅब्लेट वापरू या, असे शिक्षिकेने सुचविले की घरात पहिली शंका एकच निघते. यंत्रच बोलू लागले, तर पोर तोंड उघडील कशाला? शंका रास्त आहे. पण तिच्यापायी मुलाची वर्षे वाया जातात, म्हणून आज या विषयावर लिहीत आहोत.

स्वमग्नता हा संसर्गाचा रोग नव्हे. मेंदूची घडणच मुळात निराळी असते. ती आईच्या हयगयीने येत नाही, ग्रहणाने येत नाही, लस टोचल्यानेही येत नाही. अशी कित्येक मुले बोलत नाहीत, किंवा मोजकेच शब्द बोलतात. म्हणून त्यांना समजत नाही असे मात्र नव्हे. पोट दुखते, चप्पल चावते, वर्गातल्या गलक्याने डोके भणाणते. हे सांगता येत नाही म्हणून मूल किंचाळते, स्वतःचा हात चावते. आणि आपण त्याला हट्टी ठरवितो.

चित्र दाखवून बोलण्याची रीत टॅब्लेटच्या आधीची आहे. अमेरिकेत अँडी बाँडी व लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ साली ती पद्धतशीर बसविली. मूल पाण्याचे चित्र समोरच्याच्या हाती देते, त्याला पाणी मिळते. मात्र शब्द वाढले की चित्रांचे गाठोडेही वाढते. २०१० साली आयपॅड बाजारात आला आणि पाटीएवढ्या यंत्रात शेकडो चित्रे मावू लागली. बोट लावताच शब्द मोठ्याने ऐकू येतो. चेन्नईत अजित नारायणन यांनी 'आवाज' हे साधन काढले. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेले 'जेलो' फुकट मिळते व मराठीतही बोलते. ते साध्या फोनवरही चालते, तेव्हा कर्ज काढून महाग यंत्र घेऊ नये.

आता त्या शंकेविषयी. २०१४ साली अमेरिकेत कॉनी कासारी यांच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात ५ ते ८ वर्षांची, अगदी थोडे बोलणारी ६१ मुले होती. खेळातून शिकवणी सर्वांनाच मिळाली. काहींना जोडीला सुरुवातीपासून बोलके यंत्र दिले. यंत्र मिळालेली मुले तोंडाने म्हणा, यंत्राने म्हणा, आपणहून अधिक व्यक्त होऊ लागली. यंत्रामुळे वाचा खुंटते असे इतर अभ्यासांतही दिसलेले नाही. मात्र यंत्र घेताच मूल घडाघडा बोलेल, असे कोणी विकणारा सांगत असेल तर त्याच्यावर विसंबू नये.

यश यंत्रापेक्षा वापरावर अवलंबून असते. शिक्षिकेने 'वही उघड' म्हणताना स्वतःही 'वही' आणि 'उघड' या चित्रांना बोट लावावे. आपण बोललेले ऐकूनच मूल बोलायला शिकते, तसेच हे. विचारल्यावर थांबावे, मनात दहापर्यंत मोजावे. घाईने उत्तर पुरवू नये. पाणी, शी, खाऊ एवढीच चित्रे ठेवली तर मूल मागण्यापुरतेच उरते. 'नको', 'पुरे', 'दुखते', 'मला पण' हे शब्द पहिल्या दिवसापासून हवेत. चित्रांच्या जागा वरचेवर बदलू नयेत, बोटाला जागा पाठ होते. दिवसाचे वेळापत्रकही त्यावर चित्रांनी मांडावे. पुढे काय होणार हे कळले की या मुलांची घालमेल पुष्कळ कमी होते.

मुलाचा हात धरून त्याच्याकडून अक्षरे टिपविणारे काही लोक भेटतात. ते शब्द मुलाचे नसून हात धरणाराचे असतात, हे तपासात पुन्हा पुन्हा दिसले आहे. त्या वाटेला जाऊ नये.

त्याच पाटीवर कार्टून लावू नये. बोलण्याचे साधन आणि करमणूक एक झाली की भांडणे सुरू होतात. आणि खोडी केली म्हणून पाटी काढून घेऊ नये. बोलक्या मुलाला शिक्षा म्हणून आपण त्याचे तोंड शिवत नाही!

सीमाभागात घरी मराठी व शाळेत कन्नड अशी स्थिती पुष्कळांची आहे. दोन भाषांनी स्वमग्न मुलाचे नुकसान होते असे आढळलेले नाही. पाटीत कोणती भाषा आधी घालावी हे शिक्षकांशी बसून ठरवावे, पण घरची भाषा सोडू नये.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता येते. ४० टक्के वा अधिक दिव्यांगतेचा दाखला असल्यास ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. दाखल्यासाठी व वाचा-उपचारासाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. तोवर यंत्राची वाट पाहू नये. रोजच्या लागणाऱ्या वीसेक वस्तूंची व क्रियांची चित्रे पुठ्ठ्यावर चिकटवावीत आणि आजपासून वापरावीत. पुढे टॅब्लेट आला तरी तो पुठ्ठा दप्तरात असू द्यावा. वीज गेली, उन्हात पडदा दिसेनासा झाला, तर तोच कामाला येतो.