एक सेन्सर, तीन गिऱ्हाइकं

सकाळी साडेसात. जूनच्या मध्यात अकोल्यात एवढ्या सकाळीच डोक्याला दुपट्टा बांधावा लागतो. विदर्भातल्या शाळा बाकी राज्याच्या मागून, महिनाअखेरीस उघडतात. त्यामुळं हे दोन आठवडे आमच्याकडं नुसत्या स्कूलबस. फिटनेससाठी आरटीओत न्यायच्या आधी वायपर, इंडिकेटर, वेग बांधणारा गव्हर्नर, सगळं एका दिवसात हवं असतं. शटर वर करतो तोच मूर्तिजापूरकडची एक मिनीबस दारात.

"भाऊ, चाळीसच्या वर काटा नाचून रायला. अन् पंचेचाळीसलाच गाडी दम सोडते. सेन्सर दोनदा बदलला, तरी तेच."

दोनदा बदलला, यात नवल नाही. काटा नाचला की बोट सेन्सरकडं जातं, आणि दुकानात सेन्सर विकत मिळतो, निदान मिळत नाही.

साडेआठ. मागची चाकं जॅकवर घेतली. गिअरबॉक्सवरच्या स्पीड सेन्सरला तीन वायरी असतात: एक सप्लाय, एक अर्थ, एक सिग्नल. हा हॉल सेन्सर स्वतः व्होल्टेज देत नाही. सिग्नलची वायर फक्त जमिनीला टेकवतो आणि सोडतो. ती वर खेचायचं काम मीटरमधल्या रेझिस्टरचं. डॅशबोर्डखाली डोकं घातलं तर त्या एका वायरचं कातडं दोन ठिकाणी सोललेलं, वर काळी टेप. एका जोडावर गव्हर्नर, दुसऱ्यावर पालकांच्या मोबाइलला गाडी दाखवणारा जीपीएसचा डबा. मीटर धरून गिऱ्हाइकं तीन झाली.

साडेनऊ. गाडी गिअरमध्ये टाकली, छोटा ऑसिलोस्कोप लावला. दोन्ही डबे सोडवले तर पल्स शून्यावरून थेट बाराला, कडा उभ्या. गव्हर्नर जोडला, फारसा फरक नाही. जीपीएस जोडताच पल्सचा माथा साडेआठवर आला. त्या डब्यात पाच व्होल्टचा स्वतःचा रेझिस्टर आहे, मीटरच्या बाराशी त्याची ओढाताण चालते. शिवाय त्याच्या तोंडाशी एक कपॅसिटर. त्यानं चढती कड आडवी होऊन घाटासारखी झाली. आता या चढावर अल्टरनेटरचा गोंगाट बसला की सिग्नल गव्हर्नरची रेघ एकदा ओलांडून थांबत नाही. वर जातो, खाली येतो, पुन्हा वर. एक पल्स दोनदा मोजली जाते. गाडी पंचेचाळीसला असते, गव्हर्नरला ती साठच्या पुढं दिसते, आणि तो नियमाप्रमाणं थ्रॉटल कापतो. डबा प्रामाणिक, सेन्सर प्रामाणिक. लबाडी जोडात.

अकरा. बडनेऱ्याहून एका मिस्त्रीचा फोन. सीएनजी किट बसवल्यापासून कार सकाळी सुरू होत नाही. आरपीएमची वायर कुठून घेतली विचारलं, तर क्रँक सेन्सरवरून. दोन वायरींचा तो चुंबकी सेन्सर. स्टार्टर फिरताना मुळातच थोडं व्होल्टेज देतो, त्यात वाटेकरी आला की इंजिनच्या ईसीयूला काही उरत नाही. "कॉइलवरून घे बाप्पा," म्हटलं. पंधरा मिनिटांनी पुन्हा फोन आला, गाडी सुरू झाल्याचा.

बारा ते अडीच. कूलरसमोर भाकर-ठेचा, मग एका छोट्या पट्टीवर सोल्डरिंग. 40106 नावाची चिप आहे, अमरावतीहून आणून ठेवलेली असते. तिच्यात सहा श्मिट ट्रिगर. वर जाताना एक रेघ, खाली येताना वेगळी रेघ. मधल्या पट्ट्यातल्या थरथरीला ती दाद देत नाही. सेन्सरची वायर आता फक्त या पट्टीवर येईल. आधी दहा किलोओमचा रेझिस्टर आणि दहा नॅनोफॅरडचा कपॅसिटर, मग चिप, पुढं तीन ट्रान्झिस्टर. मीटरला एक, गव्हर्नरला एक, जीपीएसला एक. कोणी आपल्या बाजूला काहीही लावलं तरी शेजाऱ्याला पत्ता लागत नाही. सप्लायला पंधरा व्होल्टचा झेनर. अर्थ मात्र गंजलेल्या बोल्टवरून घेतला नाही, सेन्सरच्याच अर्थवरून घेतला. निम्मा गोंगाट तिथंच मरतो.

तीन. ड्रायव्हर जवळ येऊन बसला. "भाऊ, कपॅसिटर जरा मोठा टाका ना. गव्हर्नर ढिला होते म्हन्तात."

बरोबर म्हणतात, दुःख त्याचंच. या गाडीत साठला सेकंदाला साधारण 85 पल्स येतात, म्हणजे अर्ध्या पल्सला जेमतेम सहा मिलिसेकंद. माझा फिल्टर 0.1 मिलिसेकंदाचा. तो शंभर पट केला की वेग वाढेल तशा पल्स बुजत जातात, डब्याला गाडी हळू दिसते आणि लेकरांची बस ऐंशीनं पळते. कमी फिल्टर असला की बस रांगते, तक्रार येते. जास्त असला तर तक्रार कोणीच करत नाही. म्हणून मी आकडा बदलत नाही, आणि गव्हर्नरच्या सीलला हातही लावत नाही. ते गव्हर्नरवाल्यांच्या माणसाचं काम.

नव्या गाड्यांत ही कटकट कमी. चाकाचा सेन्सर एकट्या एबीएसचा, तो वेग 'कॅन बस' नावाच्या सामायिक वायरीवर सांगतो, बाकीचे ऐकतात. बॉशनं 1986 मध्ये आणलेली ती पद्धत. पण जुन्या मिनीबस अजून पुष्कळ वर्षं चालायच्या आहेत.

साडेपाच. ऊन उतरल्यावर बोरगाव मंजूच्या दिशेनं ट्रायल. पन्नास, पंचावन्न, काटा स्थिर. साठला गव्हर्नरनं धरलं. मोबाइलचा जीपीएस एकोणसाठ दाखवत होता.

सात. मालक आले, बिल पाहून म्हणाले, "एक चिप अन् तीन ट्रान्झिस्टरचे इतके?"

सीटखालून काढलेले दोन जुने सेन्सर मी त्यांच्यासमोर स्कोपला लावून दाखवले. दोन्ही चांगले. डब्यात ठेवा, पुढंमागं कामाला येतील, म्हणालो. शंभर रुपये कमी करून त्यांनी पैसे दिले.